एका तारेची दोन टोकं

सरांनी बटण दाबलं, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून हवेत धरले आणि म्हणाले, "बघा विहीणबाई, आता बोट आपली आपण जाणार. अगदी नाकासमोर!"

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी जुनी बोट घेतली होती आणि तिला ऑटोपायलट स्वतःच्या हातांनी बसवला होता. लेकीच्या सासूबाई पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. त्यांना तो दाखवल्याशिवाय सरांना चैन पडेना.

बोट नाकासमोर गेली ती जेमतेम दहा सेकंद. मग एका लाटेने तिचं तोंड जरासं डावीकडे वळलं. ऑटोपायलटने ते उजवीकडे आणायचं, तर त्याने आणखीच डावीकडे ढकललं. सरांच्या पत्नी बाकावरून घसरून थेट खाली बसल्या.

"अहो, ही गोल फिरतेय!"

"दिशा शोधतेय. नवीन आहे ना."

"तिसरा फेरा झाला! किती शोधणार?"

सरांनी बटण बंद केलं. खरं काय ते त्यांना कळलं होतं. सुकाणू हलवणाऱ्या मोटारीच्या लाल आणि काळ्या तारेची अदलाबदल झाली होती. मोटार उलटी फिरत होती. ही चूक करणाऱ्या पोरांना त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता व्याह्यांच्या घरात हे कळलं तर?

"जोडणी चोख आहे हं," ते मोठ्याने म्हणाले. "मागे गवत अडकलंय, काढून येतो. तू स्टिअरिंग धर गं."

ते रांगत मागे गेले, मोटारीपाशी पालथे पडले, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी लावून परत आले. बटण दाबलं.

बोट पुन्हा गर्रकन डावीकडे वळली.

सरांचं तोंड उघडंच राहिलं. "हे शक्य नाही!"

"गवत राहिलं असेल," पत्नी म्हणाल्या.

सर पुन्हा मागे. पुन्हा अदलाबदल. पुन्हा बटण आणि पुन्हा तीच चक्कर. तिसऱ्या खेपेला सरांचा विजेवरचा विश्वास उडाला. आपण तीस वर्षं मुलांना काय शिकवलं, या विचाराने त्यांना दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात भोंगा वाजवत बचावपथकाची लाँच येऊन थडकली. तिच्यावरचा अधिकारी कर्ण्यातून ओरडला, "कोण पडलंय पाण्यात?"

"कोणी नाही!" सर ओरडले.

"मग तासभर एकाच जागी घिरट्या का घालताय? माणूस पडला की असंच शोधतात. किनाऱ्यावरून सहा फोन आले! निघालात किती जण?"

"तिघं."

अधिकाऱ्याने तर्जनी नाचवत मोजलं. "मला दोघंच दिसताहेत."

सरांनी मागे पाहिलं. पत्नींनी पुढे पाहिलं. कडेच्या बाकाखाली विहीणबाईंच्या चपला होत्या. विहीणबाई नव्हत्या.

"अगं बाई!" पत्नींनी कपाळावर हात मारला. "अहो, लेकीला काय तोंड दाखवायचं? सासूला बुडवलं म्हणून सांगायचं?"

कोणत्या फेऱ्यात पडल्या? पहिल्या की शेवटच्या? लाँचवरच्या एकाने पाण्यात उडी टाकायला बूटसुद्धा काढले.

आणि खालच्या खोलीचं दार उघडलं. विहीणबाई वर आल्या. दातांत एक स्क्रू, हातात स्क्रूड्रायव्हर, बोटांना काळी चिकटपट्टी. लाँच बघून त्या जागच्या जागी थिजल्या. मग स्क्रू तोंडातून काढून म्हणाल्या, "काय झालं? कोण पडलं?"

"तुम्ही!" दोघं एकदम ओरडले.

"मी खाली होते. डोकं गरगरलं म्हणून आडवी व्हायला गेले, तर समोरच तुमच्या ऑटोपायलटची पेटी. तारा उलट्या दिसल्या, म्हणून बदलल्या. माझं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं ना, नजर जातेच." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही वर म्हणत होता, जोडणी चोख आहे. व्याह्यांना कसं खोटं पाडायचं? म्हणून गुपचूप केलं. पण दर वेळी परत उलटंच व्हायचं हो! मला वाटलं, वय झालं माझं."

सर मटकन खाली बसले. त्याच दोन तारांची मोटारीकडची टोकं त्यांनी बदलली होती, पेटीकडची विहीणबाईंनी, म्हणून उलटं ते उलटंच राहिलं होतं. तीनही वेळा.

अधिकाऱ्याने वही काढली. "कारण काय लिहू?"

"भीड," सरांच्या पत्नी म्हणाल्या.

सर कसेबसे उठले. "विहीणबाई, चूक माझीच. आता तुम्हीच लावा."

"छे छे, तुमच्या बोटीवर मी कशी? तुम्हीच लावा."

"नाही, मान तुमचा."

"अहो, तुम्ही शिकवणारे."

अधिकारी बोटीवर उतरला, दोघांच्याही हातातले स्क्रूड्रायव्हर काढून घेतले आणि लाँचकडे वळून म्हणाला, "दोर टाका रे. ओढून नेऊ."