उभ्या जागी एकतीस किलोमीटर

सुताराच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी त्याच्या ताईच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडावं लागे, आणि दिवसाचं पाणी पेल्याने मोजून द्यावं लागे. ताई बासष्ट वर्षांची, लग्न न करता भावाकडेच राहिलेली, जिभेने तिखट. तहानेने ती आणखीच तिखट झाली होती.

सुताराची किडनी तिला जुळत होती. अडचण एकच. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"अठ्ठ्याऐंशी. ऐंशीच्या खाली आलात तरच मी सुरी हातात घेईन. आठ आठवडे देतो. आणि उपाशी राहून अशक्त झालात, तर आल्या पावली परत पाठवीन."

घरी आल्यावर ताई म्हणाली, "राहू दे रे गोट्या. तुझी किडनी काढायला जातील आणि हाताला लोणी लागेल." मग तिने भिंतीकडे तोंड फिरवून डोळे पुसले. सुताराच्या बायकोने ते पाहिलं.

तोडगा जावयाने आणला. हा जावई रोज सकाळी धावायचा आणि आपल्या घामाचासुद्धा हिशोब ठेवायचा. त्याने धावपटूंचं घड्याळ आणून सासऱ्यासमोर ठेवलं.

"बाबा, हे दिवसभर हातात असू द्या. किती कॅलरी जळल्या ते दाखवतं. जेवढ्या जळतील, त्यापेक्षा पाचशे कमी खायच्या. वजन आपोआप उतरेल."

"आणि त्याहून कमी खाल्लं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर अशक्तपणा येईल, आई. रोज बरोबर पाचशेच कमी. आणि सारखं काट्यावर चढू नका, धीर सुटतो." त्याने घड्याळ धावण्यावर लावून दिलं आणि तो गेला.

सुताराने ते उजव्या मनगटाला बांधलं.

"अहो, घड्याळ डाव्या हातात घालतात."

"ते वेळ बघायचं. हे काम मोजायचं आहे. काम मी कोणत्या हाताने करतो?"

बायकोने पट्टा एक भोक घट्ट करून दिला.

नेमकं तेव्हाच सुताराकडे शाळेच्या दोनशे बाकांचं काम आलं होतं. यंत्रावर त्याचा भरवसा नव्हता. फळ्या तो हातरंध्यानेच गुळगुळीत करायचा. रंधा पुढे, रंधा मागे, दिवसभर. पहाटे उठून तो अर्धा तास धापा टाकत चालायचाही. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी घड्याळाने तीन हजार नऊशे कॅलरी दाखवल्या, तेव्हा त्याला संशय आला नाही. दमलेल्या माणसाला आपण फार काम केलं असं कोणीही सांगितलं तरी ते खरंच वाटतं. घड्याळात आणखीही पाचसहा आकडे होते, पण जावयाने बोट दाखवलेला आकडाच सगळे बघत होते.

बायकोने कपाटाच्या दाराला कागद चिकटवला होता: अंडं सत्तर, ताटभर भात तीनशे, असा. तिने वजाबाकी केली.

"तीन हजार नऊशेतून पाचशे गेले. राहिले तीन हजार चारशे. आणि तुम्ही खाल्लंत किती? अठराशे! अहो, अशाने भोवळ येऊन पडाल!"

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारीच फोन करू लागली. "किती झाल्या?"

"दोन हजार दोनशे."

"अरे देवा! आणि पोटात नऊशेच. थांबा, येते मी."

कारखाना दीड किलोमीटरवर, चढावर. ती डबा घेऊन यायची, तो संपेपर्यंत समोर बसायची, रिकामा डबा घेऊन परत जायची. दिवसातून तीनदा. कधी चारदा. स्वतःच्या जेवणाचं भान तिला राहिलंच नव्हतं. उभ्याउभ्या एखादा घास, की पुन्हा चपला पायात.

"अगं, आता श्वास घ्यायला जागा नाही."

"श्वासाला कॅलरी नसतात. दोन अंडी उरलीत, ती संपवा. डॉक्टर परत पाठवतील."

बहिणीच्या जिवासाठी माणसं उपास करतात. हा बिचारा डोळे मिटून अंडी गिळत होता.

पाचव्या आठवड्यात विजारीची बटणं लागेनात. "धुतल्यावर आटली," बायको म्हणाली.

"चौथी विजार आटली?" खाटेवरून ताईने विचारलं.

"पाण्यात काहीतरी असेल, वन्सं."

"असेल बाई. मला मिळत नाही, विजारींना तरी मिळतंय."

जावयाला फोन केला. तो म्हणाला, "स्नायू वाढताहेत, आई. स्नायू जड असतात." त्याच्या धावणाऱ्या मंडळींची मोबाइलवर कोण किती कॅलरी जाळतो याची एक यादी होती, आणि दर आठवड्याला त्या यादीत सासरा पहिला येत होता. जावयाची मान ताठ झाली होती. ताठ मानेला खालचं दिसत नाही.

आठव्या आठवड्यात त्या मंडळींचे मास्तर स्वतः कारखान्यात आले. काडीसारखे, सत्तरीचे गृहस्थ. छप्पन्न वर्षांचा हा कोण वाघ, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. सुतार रंधा मारत होता. मास्तर बराच वेळ त्याच्या पोटाकडे बघत राहिले, मग मनगटाकडे.

"धावता कधी?"

"सकाळी अर्धा तास चालतो."

"घड्याळ म्हणतंय, काल तुम्ही एकतीस किलोमीटर धावलात."

"कोण? मी? मी काल इथून हललो नाही."

मास्तरांनी त्याला थांबवलं, आकडा पाहिला, चार हात रंधा मारायला लावला आणि पुन्हा पाहिला. "हात हलला की याला वाटतं पाय हलला," ते खाली बसत म्हणाले. "तुम्ही दोन महिने फळीवर धावताय. कॅलरी कसल्या, निम्म्याही नसतील."

सुताराने हळूच विचारलं, "आणि जे खाल्लं ते?"

"ते खरं."

दोन दिवसांनी तिघं डॉक्टरांसमोर होती. काटा त्र्याण्णववर थांबला. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "ताई फार थांबू शकत नाहीत." ताई खिडकीबाहेर बघत होती. तिला टोमणा सुचला नाही, याचीच सुताराला भीती वाटली.

"माझ्या हाताने झालं," बायको एकदम म्हणाली. "एकेक घास मी भरवला. डॉक्टर, माझं वजन घ्या."

"तुमचं कशाला?"

"माझा रक्तगट ओ आहे. तो सगळ्यांना चालतो म्हणतात."

"पण तुमच्या उंचीला बाहत्तरच्या वर चालणार नाही..."

"मागल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर होतं," सुतार पुटपुटला. ती तोवर काट्यावर चढली होती.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. काटा हलवला, तिला उतरवून पुन्हा चढवलं. "सत्तर. बाई, तुम्ही काय केलंत?"

"मी? काही नाही. डबे पोचवले."

सुताराला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, म्हणून तो रुमालात खोकत राहिला.

मग तीन आठवडे तपासण्या, कागद, सह्या. सगळ्यात तिची किडनी पास झाली. शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली, दुपारी संपली. चौथ्या दिवशी दोघींच्या खाटा शेजारी लावल्या. नणंद-भावजय तीस वर्षं एका छपराखाली राहिल्या होत्या, पण इतक्या जवळ कधी झोपल्या नव्हत्या.

"आता जन्मभर तुझं ऐकावं लागणार," ताई म्हणाली.

"ऐकू नका, वन्सं. पाणी प्या."

परिचारिकेने भरलेला पेला दिला. ताईने आधी पेल्याकडे, मग परिचारिकेकडे पाहिलं. "सगळा?"

"सगळा. आणि नंतर आणखी एक."

ती एका दमात प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पुसलं नाही.

ताई त्यानंतर नऊ वर्षं जगली. ती अकरा फेब्रुवारीला, सकाळी चहा झाल्यावर, हृदय थांबून गेली. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती.