सत्तेचाळिसावं भोक

कुठल्याही बेटाच्या पोटात काही ना काही पुरलेलं असतंच. नसतं, तर एवढा अफाट समुद्र सोडून नेमकं तिथेच जमीन वर यायचं काही कारण नव्हतं. हा युक्तिवाद आमच्या 'बेट-ठेवा शोध व उत्खनन समिती'च्या घटनेत पहिल्याच कलमात दिलेला आहे, आणि गेली बावीस वर्षं तो कोणी खोडून काढू शकलेलं नाही. (कोणी प्रयत्नही केलेला नाही. पण तो मुद्दा वेगळा.)

मी या समितीचा सचिव. मला हातांची खुर्ची आहे, रबरी शिक्का आहे आणि जेटीसमोरच्या कार्यालयात खिडकीजवळचं टेबल आहे. खिडकीतून समुद्र दिसतो आणि आत यंत्राची घरघर ऐकू येते. या दोन्हींच्या मधे बसून मी इतिवृत्त लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे, आणि सार्वजनिक जीवनात माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

बावीस वर्षांत समितीने बेटाला सेहेचाळीस भोकं पाडली. सगळी एकावर एक ठेवली तर साडेपाच हजार फूट भरतील. भोकं एकावर एक ठेवता येत नाहीत असं आमचा बोअरवाला म्हणतो, पण त्याला दृष्टी नाही. सापडलेल्या वस्तूंची आम्ही शास्त्रीय वर्गवारी केली आहे. प्रत्यक्ष पुरावा : एकोणिसाव्या भोकात मिळालेला डाव्या पायाचा बूट (काळ अनिश्चित, माजी अध्यक्षांचा उजव्या पायाचा बूट त्याला तंतोतंत जुळतो, हा योगायोग). अप्रत्यक्ष पुरावा : लाकडी फळ्या, ज्या तिसऱ्या भोकाला आम्हीच टेकू म्हणून लावल्या होत्या आणि आठव्यात आम्हालाच सापडल्या. आणि तिसरा, सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे काहीही न सापडणं. इतकं काहीच सापडत नाही याचा अर्थ कोणीतरी ते फारच काळजीपूर्वक लपवलेलं आहे. या प्रकारचा पुरावा आमच्याकडे ब्याण्णव टक्के आहे.

ठराव क्रमांक नऊबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण तो माझा आहे. सुरुवातीला वरची माती चाळत बसावं लागे आणि प्रत्येक बाटलीचं बूच, प्रत्येक गंजका खिळा मला वहीत चढवावा लागे. माझा हात भरून यायचा. तेव्हा मी ठराव मांडला : 'वरची दहा फूट माती ही अलीकडची, सबब अनैतिहासिक असल्याने ती न चाळता, न पाहता थेट समुद्रात टाकावी.' ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. माझ्या नावावरचा तो एकुलता एक ठराव.

अध्यक्ष आमचे निवृत्त दाताचे डॉक्टर. भोकं पाडण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव असलेला दुसरा माणूस बेटावर नव्हता. त्यांची पद्धत सोपी आहे. ते जमिनीवर पाय आपटतात आणि आजूबाजूच्या लोकांना विचारतात, "दुखतंय?" ज्या जागी कोणी हो म्हणेल तिथे यंत्र लागतं. दुसरे नकाशातज्ज्ञ. ते दोन दिवसांसाठी आले होते, त्याला आता अकरा वर्षं होतील.

आता नकाशा. सगळं काम ज्यावर उभं आहे तो नकाशा इथल्या शाळेचं जुनं कपाट फोडलं तेव्हा मिळाला. पिवळट कागद, कडा जळलेल्या, बेटाची आकृती, काळा खडक, त्यापासून 'चाळीस पावलं' आणि एक ठसठशीत फुली. उत्तर दिशा खाली दाखवलेली. उलट्या उत्तरेवर नकाशातज्ज्ञांनी नव्वद पानी प्रबंध लिहिला आहे. कागद अडीचशे वर्षांपूर्वीचा असावा आणि तो काढणारे लोक उलट्या गोलार्धातून आले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

नकाशा माझ्या ताईने काढलेला आहे.

ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि मी सात. तिने बेट काढलं. मी समोर बसून दिशा काढल्या, म्हणून उत्तर खाली गेली. कागद जुना दिसावा म्हणून मी तो चहात बुडवला आणि चुलीवर वाळवताना कडा जाळल्या. त्याबद्दल आईचा मारही खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो मी वर्गात मिरवत होतो, गुरुजींनी हिसकावला आणि कपाटात टाकला. एवढाच त्याचा इतिहास.

तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाहीस? अहो, बोलायलाच गेलो होतो! पहिल्या सभेत नकाशा काचेच्या चौकटीत लावला होता. बघताक्षणी मी तो ओळखला. सगळा धीर गोळा करून मी हात वर केला आणि उभा राहिलो. नेमकं त्याच क्षणी व्यासपीठावरून विचारलं होतं, सचिव व्हायला कोण तयार आहे? टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी गळ्यात हार घातला. हार गळ्यात असताना माणसाला फार बोलता येत नाही, हे ज्यांनी घातलाय त्यांना माहीत असेल. मी म्हटलं, पुढच्या सभेत सांगू. त्यानंतर दोनशे तीन सभा झाल्या.

ताईला अर्थातच सगळं माहीत होतं. आईवडिलांचं घर तिच्याकडे, मागच्या अंगणावर छप्पर टाकून तिने शिवणाची खोली काढलेली. बेटावरचे सगळे शर्ट, झगे, शाळेचे गणवेश तिच्या हातचे. नकाशाची बातमी कळल्यावर ती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, "तुझं बरं चाललंय ना? चालू दे. मी नाही बोलत." आणि बावीस वर्षं ती खरंच बोलली नाही. एकतिसाव्या भोकापासून यंत्राच्या हादऱ्यांनी तिची शिलाई वाकडी जायला लागली. अर्धं बेट तेव्हापासून तिरक्या कॉलरी घालून हिंडतं. तेव्हाही तिने चकार शब्द काढला नाही.

घोळ झाला तो पावलांमुळे. काळ्या खडकापासून चाळीस पावलं आम्ही सगळ्या तऱ्हांनी मोजून झालो होतो. खलाशाची पावलं, लंगड्या खलाशाची, पेटी उचललेल्या खलाशाची, दारू प्यायलेल्या खलाशाची (ही प्रत्येक वेळी वेगळीच भरायची, त्यात सात भोकं गेली). एके दिवशी नकाशातज्ज्ञ धापा टाकत कार्यालयात आले आणि म्हणाले, "सचिव, उलगडलं! पावलं लहान होती! ठेवा पुरणारे लोक ठेंगणे होते. तीन, फार तर साडेतीन फूट!"

माझ्या हातातून शिक्का पडला. अकरा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा सत्याच्या जवळपास आला होता, आणि नेमका त्यामुळेच आता अनर्थ होणार होता. त्यांनी शाळेतून साडेतीन फुटांचं एक पोर आणलं आणि खडकापासून चालवलं. चाळीस पावलं ताईच्या शिवणाच्या खोलीत, मशिनच्या पायडलपाशी संपली.

बरोबरच होतं ते. आम्ही तिथे खरंच एक डबा पुरला होता. बिस्किटांचा, पत्र्याचा. हातभर खड्डा करून.

त्या संध्याकाळी ताईने मला बोलावलं. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या काढून तिने उशीला टोचल्या.

"हे बघ, बावीस वर्षं मी तुला काही मागितलं नाही."

"नाही गं ताई."

"या खोलीत यंत्र घातलं तर भिंत राहणार नाही. मागच्या भोकाने आधीच तडा गेलाय, हात जातो आत. मी सभेत येऊन सांगणार आहे, नकाशा आमचा आहे म्हणून. मला कोणी मानणार नाही. तू फक्त एकदा 'हो' म्हण. एवढंच. एक अक्षर."

"म्हणेन की," मी म्हणालो. आणि मला ते मनापासून म्हणायचं होतं. ही गोष्ट मी शिक्का मारून सांगू शकतो.

सभा दुपारी चारला सुरू झाली. ताई मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून आली आणि सगळं सांगितलं, न अडखळता. मग नकाशातज्ज्ञ उठले.

"बाई, कशावरून?"

"चहात बुडवलाय तो. हुंगून बघा."

"चहाचा अंश चाचणीत आढळलेला आहे. त्यावरून त्या लोकांचा चहाच्या देशांशी व्यापार होता, हे मी सिद्ध केलंय. तुम्ही नवीन काय सांगताय?"

"नवीन हे, की ते लोक आम्ही आहोत! मी आणि हा."

अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी मऊ होता, तोंड उघडायला लावतानाचा. "सचिव, आपल्याला यातलं काही स्मरतं?"

सगळ्या माना वळल्या. सगळ्या तिरक्या कॉलरी वळल्या. ताई माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. मी 'हो' म्हणणार याची तिला एवढी खात्री होती! माझ्या हाताखाली खुर्चीचा हात होता. बावीस वर्षांत तो माझ्या कोपराने गुळगुळीत झालाय. मी घसा खाकरला.

"नोंद तपासून सांगावं लागेल," मी म्हणालो.

इतिवृत्तात ते असं आहे : 'सदर बाबतीत सचिवांनी नोंद तपासून सांगण्याचे मान्य केले. (टाळ्या.) संबंधित कुटुंबात ठेव्याविषयीची आठवण पिढ्यान् पिढ्या जपली गेली असल्याचे आढळल्याने समितीने समाधान व्यक्त केले. सत्तेचाळिसावे भोक शिवणाच्या खोलीत घेण्याचे सर्वानुमते ठरले.' अक्षर जरा हललंय, पण वाचता येतं. जाताना अध्यक्षांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "जराही कळणार नाही."

ताई माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आठवड्याभरात तिने मशिन दोन पोत्यांत गुंडाळलं आणि लेकीकडे जायला लाँच गाठली. मी जेटीवर गेलो. मशिन उचलायला हात लावला तर म्हणाली, "राहू दे, तुझा हात भरून येईल." लाँचवर चढल्यावर तिने मागे वळून विचारलं,

"त्या डब्यात काय ठेवलं होतं रे आपण? आठवतंय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. बिस्किटांचा डबा आठवला, झाकणावरचं चित्र आठवलं, नखातली माती आठवली. आतलं काही केल्या आठवेना.

"नाही गं. तुला?"

"मला आठवतंय," ती म्हणाली. आणि लाँच सुटली.

मी कार्यालयात आलो आणि दार लावून रडलो. हे कुठल्याही इतिवृत्तात नाही.

त्यानंतर माझ्यात जो बदल झाला तो समितीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे. या बेटाखाली कवडी पुरलेली नाही हे पक्कं माहीत असलेला माझ्याशिवाय एकच माणूस इथे होता, तो लाँचने गेला. उरलेला मी आता पहाटे सर्वांच्या आधी यंत्रापाशी हजर राहू लागलो. मला तो डबा हवा होता. झाकण उघडून, आत काय आहे ते बघून तसंच तिच्या लेकीच्या पत्त्यावर जायचं आणि ताईला म्हणायचं, हो, आठवलं. तेवढं एक अक्षर उशिरा का होईना.

खोली पाडायला एक दिवस लागला. चौथ्या दिवशी मी बोअरवाल्याला विचारलं, "अजून काही लागलं नाही?"

"दोनशे बारा फुटांवर आहोत साहेब. खडक आहे नुसता."

"आणि वर? अगदी वर, हातभर खोलीवर?"

"वर एक डबा आला होता पत्र्याचा," तो म्हणाला. "गंजका होता. आत काहीतरी वाजत होतं."

"मग?"

त्याने समुद्राकडे बोट केलं. "मग काय साहेब? ठराव नंबर नऊ."

मी जेटीवर जाऊन पाहिलं. जेटीच्या डाव्या अंगाला पाणी गढूळ होतं.

पुढच्याच सभेत मी माझा दुसरा ठराव मांडला. 'सागरतळ पोटसमिती'. एकमताने मंजूर झाला, तज्ज्ञांनी मिठी मारली, अध्यक्षांचे डोळे पाणावले. काम पाण्याखालचं असल्यामुळे जास्त वर्षं लागतील. माणसंही जास्त लागतील. म्हणून हे निवेदन.

तुम्हालाही आता राहवत नसेल, की त्या डब्यात वाजत काय होतं? तिरक्या कॉलरीचे माणूस तुम्ही दिसता. ताईची खोली पाडली तेव्हा तुम्ही एक क्षण थांबलात आणि लगेच पुढे वाचायला लागलात, डबा निघतो का ते बघायला. मीही तेच केलं. असेच सभासद आम्हाला हवे आहेत. अर्ज कार्यालयात मिळतात. सोबत राहत्या घराचा नकाशा जोडावा, आणि घरातल्या अशा एका माणसाचं नाव लिहावं, ज्याने तुम्हाला आजवर काही मागितलेलं नाही. वेळ आल्यावर त्याच्याबद्दल काय म्हणायचं, ते आम्ही शिकवू.