दिगंबरपंतांचा ऋतू

विघ्नहर्त्या गजाननास आणि वाणीची अधिष्ठात्री शारदा हिला वंदन करून, यंदाच्या वैशाखात घडलेल्या एका पर्वतयात्रेच्या निमित्ताने, आमचे शेजारी दिगंबरपंत यांचा परिचय करून देण्यास प्रारंभ करतो. वैशाख हा शब्द वाचताच वाचकांच्या डोळ्यांपुढे रणरणते ऊन आणि आंब्याची अढी उभी राहिली असेल. दिगंबरपंत येथे असते तर त्यांनी वाचकांना तत्काळ अडवले असते आणि ते सर्वांना म्हणतात तेच म्हटले असते, "आधी खिडकीबाहेर बघा."

सिडनीच्या गिरावीन या उपनगरात मी माझा मुलगा अनिरुद्ध याच्या घरी राहतो. मराठी कुटुंबे पुष्कळ असल्याने पूजाअर्चाही पुष्कळ होतात, आणि त्यातील बहुतेक पूजा दिगंबरपंतांनी एकदा तरी थांबविलेल्या आहेत. पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो. आपण कोणत्या देशी, कोणत्या मासी, कोणत्या ऋतूत हे कर्म करीत आहोत, ते देवाला सांगतो. दिगंबरपंतांचा सारा आक्षेप त्या ऋतूच्या नावावर आहे.

एका सत्यनारायणाचा प्रसंग सांगतो. गुरुजी आठवडाभर संगणकाच्या कचेरीत काम करणारे आणि शनिवार-रविवारी सोवळे नेसणारे सज्जन तरुण. हीटर सुरू होता, मंडळी लोकरी जॅकेटांत बसली होती, आणि गुरुजींनी खणखणीत आवाजात "वसंतर्तौ" असा उच्चार केला. त्यांचा संधी अचूक होता, म्हणून मी प्रसन्नतेने मान डोलावली. एवढ्यात मागून आवाज आला.

"गुरुजी, थांबा. आधी खिडकीबाहेर बघा. हा वसंत आहे?"

"काका, पंचांगात वसंतच आहे. नो वरीज."

"पंचांग सोलापूरचं आणि थंडी इथली. ते कसं जमायचं?"

यजमानांच्या तळहातावरचे पाणी हळूहळू बाह्यांत उतरत होते. कोणीतरी हसून विचारले, की संकल्पात "गोदावर्याः दक्षिणे तीरे" असेही म्हणतात, त्याला काकांची हरकत कशी नाही? दिगंबरपंतांनी गंभीरपणे उत्तर दिले, "गोदावरीच्या दक्षिणेला तर आपण आहोतच. तेवढं बरोबर आहे." शिरा निवेपर्यंत चर्चा चालली.

हा केवळ वादाचा छंद नव्हे, हे मला पुढे कळले. दिगंबरपंतांची हयात पिंपरीच्या एका कारखान्यात मापनयंत्रे तपासण्यात गेली. माप चुकले तर यंत्र चुकते, यंत्र चुकले तर माल परत येतो, अशी त्यांची धारणा. संकल्पाविषयीही ते मला तसेच सांगत. "शास्त्रीबुवा, संकल्प म्हणजे पार्सलवरचा पत्ता. पत्ता चुकला, तर आतला लाडू पोचणार कुठं?"

या प्रश्नात त्यांचे स्वतःचे एक पार्सल अडकले होते. त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी पुण्यास निवर्तल्या. त्यानंतर मुलीने पंतांना येथे आणले. वहिनींची तिथी वैशाखात येते, आणि गिरावीनला आल्यापासून पंतांनी त्यांच्या नावे तीळमिश्रित पाण्याची एक ओंजळही सोडली नव्हती. कारण एकच: संकल्पातला ऋतू ठरत नव्हता. मास पाहावा तर वसंत. येथील ऋतू सहा महिन्यांनी उलटे धरावेत तर शरद. झाडांची गळणारी पाने पाहावीत तर आपला शिशिर. तीन गावच्या तीन गुरुजींना त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारले, तेव्हा त्यांना तीन ऋतू मिळाले. मुलगी म्हणे, "बाबा, भावना महत्त्वाची." पंत म्हणत, "भावनेला पिनकोड नसतो."

मी साताऱ्याकडच्या एका पाठशाळेत आयुष्यभर संस्कृत शिकविले. मास तोच ऋतू, असा माझा निर्वाळा होता. तो त्यांनी आदराने ऐकला आणि आदरानेच बाजूला ठेवला. "हे शब्दप्रमाण झालं. प्रत्यक्ष प्रमाण श्रेष्ठ, असं तुम्हीच सांगितलंत ना? मग प्रत्यक्ष बघू."

असे सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स या डोंगरांत जाण्याचे ठरले. तेथे माउंट विल्सन नावाचे लहानसे गाव आहे. परदेशांतून आणून लावलेल्या जुन्या झाडांची पाने या दिवसांत तेथे लाल-पिवळी होतात आणि गळण्यापूर्वीची ती शोभा पाहावयास लोक दूरदुरून जातात. यंदा वहिनींच्या तिथीला रविवार आला. पळी, पंचपात्र, ताम्हन, काळे तीळ आणि दर्भ बरोबर घ्यावेत, असे पंतांनी मला आदल्या दिवशी सुचविले. निर्णय झाला तर तेथेच तर्पण, न झाला तर पुढचा वैशाख.

गाडीतील त्यांच्या सवयींविषयी मला फार दिवसांचे कुतूहल होते. पुढच्या आसनाचा मान ते कधीही घेत नाहीत. मागे डाव्या खिडकीशीच बसतात. फोन बंद करून खिशात ठेवतात आणि इतरांनाही बाहेर काढू देत नाहीत. एरवी यंत्रांत रमणारा हा मनुष्य गाडीत एवढा विरक्त का होतो, हे कोडे मला सुटत नव्हते. त्या दिवशी अनिरुद्धने वाटेवरच्या बिल्पिन गावाजवळ रस्ता पाहण्यासाठी फोनकडे एक दृष्टिक्षेप टाकला, तोच मागून ठेवणीतले वाक्य आले. "काका, मी ड्रायव्हर आहे, मी खिडकीबाहेरच बघतोय," अनिरुद्ध म्हणाला. पंतांना ते पटले. समेट म्हणून त्यांनी सर्वांना सफरचंदाचा 'पाय' नावाचा तेथील गोड पदार्थ खाऊ घातला. स्वतः मात्र तिथीमुळे काही घेतले नाही.

माउंट विल्सनला पोहोचलो. रस्त्याच्या दोहों बाजूंना वृक्ष असे पेटले होते, की जणू अग्निनारायणाने दाहकत्व गावाबाहेर ठेवून केवळ वर्ण तेवढा आत आणला असावा. पायांखाली पानांची रास होती. माझ्यातील शिक्षक जागा झाला आणि मी निर्णय देऊन टाकला, की पाने गळतात, तेव्हा हा शिशिरच.  पंतांनी एक पान उचलले, उन्हासमोर धरले, आणि पुष्कळ वेळ तसेच धरून ठेवले.

एका मोठ्या मेपलखाली आम्ही आसन मांडले. थंडीमुळे अंगात दोन स्वेटर, आणि तर्पणासाठी जानवे उजव्या खांद्यावर घ्यावयाचे. ते शोधता शोधता पंतांचा हात मानेतून आत गेला आणि बाहेर येईना, तेव्हा अनिरुद्धने त्यांना सोडविले. मग ते दक्षिणेकडे तोंड करून बसले. मी त्यांच्या हातावर पाणी घातले, संकल्प आरंभिला, आणि ऋतूपाशी येऊन थांबलो.

"कोणता म्हणू?"

"वसंत म्हणा."

मला वाटले, माझ्या कानांचा दोष असावा. ज्या शब्दासाठी या गृहस्थांनी अर्ध्या गिरावीनचा प्रसाद गार केला, तोच शब्द ते मागत होते. मी त्यांना त्यांच्या प्रत्यक्ष प्रमाणाची आठवण करून दिली. वर पाने गळत होती.

पंत हातातल्या पाण्याकडे पाहत बोलू लागले. "कुमुद एकदाच आली होती इकडे. मुलीनं आम्हाला याच रस्त्यानं आणलं. मी फोनवर नकाशा बघत होतो, किती किलोमीटर राहिलेत ते. ती म्हणाली, अहो, आधी खिडकीबाहेर बघा, केवढी पालवी फुटलीय."

 वहिनींचे माहेर जावळीच्या खोऱ्यातले. तेथे चैत्राच्या सुमारास कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, आणि सारा डोंगर असाच पेटलेला दिसतो. आपल्याकडे झाड लाल झाले, की ते नव्याने जन्मास येत असते. त्या माउलीने या वृक्षांना दुसरे काय म्हणावे?

"मी मान वर न करताच सांगितलं, अगं, ही पालवी नव्हे, पानगळ. तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा दुरुस्त केलं. मग ती गप्प बसली. पुढच्या वैशाखात गेली." त्यांनी झाडाकडे पाहिले. "आज प्रथमच वर बघितलं, शास्त्रीबुवा. तिचं बरोबर होतं. ही पालवीच दिसते. तिचा पत्ता वसंताचा आहे. तिथंच पाठवा."

प्रत्यक्ष कोणाचे धरावे, पाहणाऱ्याचे की ज्याच्यासाठी पाहावयाचे त्याचे, याचा उलगडा मी शिकविलेल्या कोणत्याही ग्रंथात मला आठवला नाही. मी "वसंतर्तौ" म्हटले. संधी यथायोग्य झाला. पंतांनी वहिनींचे गोत्र आणि नाव उच्चारून अंगठ्यावरून तिलोदक सोडले. तेवढ्यात एक लाल पान ताम्हनात येऊन पडले. मी ते काढावयास हात पुढे केला, तो पंतांनी अडविला.

आम्ही भांडी आवरीत असताना कुत्र्याला फिरविणाऱ्या एक वृद्ध बाई जवळून गेल्या. वर पाहून त्या म्हणाल्या, "लव्हली ऑटम, इझन्ट इट?"

"स्प्रिंग," दिगंबरपंत नम्रपणे म्हणाले.

बाईंनी त्यांच्या ओल्या हातांकडे पाहिले, डोळ्यांकडे पाहिले, आणि पुन्हा एकदा झाडाकडे पाहिले. "नो वरीज, मेट," असे म्हणून त्या हळूच पुढे गेल्या.

वाचकहो, आपल्या घरी कोणताही ऋतू असो, तो जगदीश्वर आपणांस व आपल्या कुटुंबीयांस आरोग्य आणि अन्नवस्त्र देवो. घरातील कोणी आपणांस खिडकीबाहेर पाहावयास सांगेल, तर त्याच क्षणी मान वर करण्याची बुद्धी तो आपणा सर्वांस देवो. शुभं भवतु.