रुसलेल्या ठिपकीचं माप

"पाच पोरं वाढवलीत मी, पाच! तीही एका खोलीत! आणि ही मला कागदावर चौकोन काढून दाखवते, मूल कुठं बसेल नि कुठं झोपेल!"

मोठीआईचं हे वाक्य त्या आठवड्यात घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालं होतं. मोठीआई शिकली दुसरीपर्यंत. पण तिला अडाणी म्हणायची कुणाची छाती नव्हती. "जेवढं शहाणपण शाळेत होतं तेवढं मी दोन वर्षांतच घेऊन आले, उरलं होतं काय तिथं?" असं ती तोंडावर सांगायची.

गोष्ट अशी, की सूनबाई गेली चार वर्षं घरातच पाळणाघर चालवत होती. तीन-चार मुलं, पुढची खोली आणि खोलीच्या मधोमध खुर्चीत मोठीआई! कुणाचं नाक पूस, कुणाचे बूट काढ, कुणाला डोळे वटार. आता मुलं बारा झाली, जागा पुरेना, म्हणून सूनबाईनं कोपऱ्यावरचं गाद्यांचं जुनं दुकान घेतलं. पुढं मोठी काच, आत लांबलचक हॉल, मागं मोरी आणि बेसिन. गुरुवारी परवान्याच्या तपासणीसाठी सरकारी बाई येणार होत्या. त्यांनी होकार दिला तर सोमवारी पाळणाघर सुरू. नकार दिला तर पुढचा नंबर सहा महिन्यांनी, आणि तोवर बारा आयांनी आपापली मुलं काखोटीला मारून फिरायचं!

त्यात मंगळवार-बुधवार सूनबाईला प्रथमोपचाराच्या शिबिराला जावं लागलं. जाताना तिनं एक घडी केलेला कागद मोठीआईच्या हातात दिला.

"आई, सुतार आले की हा कागद तेवढा द्या. बाकी काही बोलू नका."

"मी कशाला बोलते? मी बोलते का कधी?"

सूनबाईनं चपला घातल्या आणि शिबिराची वाट धरली. शहाणी बाई!

तिची पाठ वळताच मोठीआईनं कागद उघडला. चष्मा सापडला नाही, आणि सापडला असता तरी त्या मुंगीएवढ्या अक्षरांशी कोण झोंबणार? पण चित्रं कळत होती. हा पुस्तकांचा कोपरा. हा ठोकळ्यांचा. ह्या झोपायच्या गाद्या. हे बूट ठेवायचे कप्पे. आणि दाराजवळ एक गोल. गोल म्हणजे केराची टोपली, दुसरं काय असणार! मोठीआईनं कागद उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला, उजेडाला धरला. तिची खुर्ची कुठंच नव्हती.

"चिखलाच्या बुटांना जागा आहे, केराला जागा आहे, आणि सासूला नाही! वा गं सूनबाई! कानामागून आलीस आणि तिखट झालीस!"

हे ती रागानं म्हणाली खरी, पण कागद तिनं पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. दुसऱ्याच क्षणी तिनं पदर खोचला आणि नातीला हाक मारली.

नात चार वर्षांची. गालावर इवलासा काळा तीळ, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. तीळ लहान होता, बाकी पोर म्हणजे बाटलीत कोंडलेलं वादळ! दोघी दुकानात पोचल्या तेव्हा सुतार कानावर पेन्सिल लावून, टेप हातात घेऊन उभाच होता. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, पण मोठीआईसमोर त्याची टेपसुद्धा आपोआप आत जायची.

"मोठीआई, कागद?"

"कागद मुलं खातात. ठेव ती टेप खिशात. खोली मुलांची ना? मग माप मुलाचंच पाहिजे. ठिपके, झोप इथं!"

"टेपनं घेतलं असतं तर..."

"तुझी टेप मूल आहे का? तिला पाय आहेत का? सांग!"

टेपला पाय नव्हते. सुतार हरला.

मग सुरू झाली मोजणी. ठिपकी जमिनीवर उताणी पडायची, मोठीआई डोक्याशी आणि टाचेशी खडूची रेघ मारायची, ठिपकी उठून पुढच्या रेघेपाशी पडायची. प्रत्येक वेळी एक बिस्कीट. त्या आनंदात पोर अशी ताणून पडायची, की पायाचे अंगठेसुद्धा पुढं पळत होते. मोरीच्या पुढं पार्टिशन घालायचं होतं; तिथं हॉलची रुंदी भरली बरोबर पाच ठिपक्या! सुतारानं वहीत लिहून घेतलं, 'पार्टिशन पाच ठिपक्या.'

"आता मधोमध एक कठडा कर. गोल. त्यात मी बसणार. चारी बाजूंनी नजर! किल्ल्यात राणी बसते तशी."

"आणि कठड्याचं दार?"

"अर्धी ठिपकी. मुलं आत आली पाहिजेत, सूनबाई नको."

"आणि खुर्ची? रुंदी एक ठिपकी घेऊ?" सुतारानं एकदा मोठीआईकडं अंदाजानं पाहिलं.

"एक? मी काय म्हैस आहे? अर्धी पुरे!"

सुतारानं 'अर्धी' लिहिलं. काय करणार? म्हैस लिहायची सोय नव्हती.

"दाराजवळ काय ठेवू?"

"केराची टोपली. तिथं तीच ठेवायची आहे म्हणे आमच्या सूनबाईंना. ठेव, एवढी तरी हौस होऊ दे तिची!"

आता सुताराला फळ्या कापायला ठिपकी लागणार, आणि ठिपकी तर घरी जाणार. म्हणून त्यानं एक काठी घेतली. "मोठीआई, हिला जरा उभी करा. काठीवर एक ठिपकी खूण करून घेतो."

पण तोवर बिस्किटं संपली होती! पुडा रिकामा पाहून ठिपकीनं ओठ बाहेर काढला, मान खाली घातली, खांदे पाडले, गुडघे वाकवले आणि भिजलेल्या पोत्यासारखी उभी राहिली. सुतारानं घाईघाईनं खूण केली आणि पोर भोकाड पसरायच्या आत काठी घेऊन पळाला. ती काठी घेऊन त्यानं दोन दिवस करवत चालवली.

बुधवारी संध्याकाळी सूनबाई दमून आली. "झालं का आई सगळं?"

"झालं. उद्या बघ. डोळे दिपतील!"

गुरुवारी सकाळी सूनबाईचे डोळे खरंच दिपले. इतके, की ती दारातल्या केराच्या टोपलीला अडखळून थेट आत आली. समोर हॉलच्या मधोमध लाकडी कठडा, त्यात बाहुलीला शोभेल अशी खुर्ची, आणि मागं पार्टिशन. पार्टिशन या भिंतीपासून निघालं होतं खरं, पण त्या भिंतीला पोचायच्या आधीच दमून थांबलं होतं!

"आई! हे काय? माझा कागद कुठंय?"

"कामाला लावलाय," मोठीआई म्हणाली. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता, कागद चौपदरी होऊन त्याच्या खाली गेला होता.

"अहो सुतारदादा, पार्टिशन अपुरं कसं?"

"बाई, पाच ठिपक्यांना पाच ठिपक्याच कापल्या! एक फळी कमी असेल तर हात तोडून देईन." त्यानं काठी काढली आणि ठिपकीशेजारी उभी केली. ठिपकी नवी जागा पाहून खुशीत होती, ताठ उभी होती. तिचं डोकं खुणेच्या वर चार बोटं निघालं!

सुतारानं काठीकडं पाहिलं. मग ठिपकीकडं. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मोठीआई... खोली मोजली तेव्हा ही हसत होती. काठीवर खूण केली तेव्हा रुसली होती!"

मोठीआई दुसरी शिकलेली असली तरी हिशेबाला पक्की होती. रुसलेलं मूल चार बोटं आखूड. पाच ठिपक्यांना वीस बोटं. वीस बोटांची फट! एक आख्खं मूल जाईल, बरोबर त्याचा डबाही जाईल.

"आणि कठडा जमिनीत पक्का केलेला नाही," सुतार हळूच म्हणाला. "खडूच्या खुणा खुशीच्या, कठडा रुसलेला. जमिनीतली भोकं आणि कठड्याची भोकं जुळेनात. म्हटलं, विचारून स्क्रू मारू."

सूनबाईनं धावत जाऊन ती फट वितीनं मोजली. एवढ्यात बाहेर तपासणीसाठी बोलावलेली सहा मुलं आणि त्यांना दारात सोडून परतणाऱ्या आया दिसल्या, आणि त्यांच्या मागोमाग हातात फाइल घेतलेल्या, हसू घरी ठेवून आलेल्या तपासणीच्या बाई!

"कुणी तोंडातून अवाक्षर काढू नका," मोठीआई म्हणाली. "मी आहे ना!" आणि कठड्याच्या दारातून अंग तिरपं करून, श्वास पोटात ओढून आत शिरली, खुर्चीत बसली. बसली म्हणजे काय, खुर्चीत ठोकली गेली! खुर्चीच्या दोन हातांनी तिला असं धरलं, जसं सावकारानं कुळाला धरावं. पण चेहरा राणीचा!

बाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "मुलांवर लक्ष कोण ठेवतं?"

"मी!" किल्ल्यातून आवाज आला. "इथून मुंगी हलली तरी मला दिसते."

"छान. मुलं किती?"

"आज ठिपकी धरून सात."

बाईंनी पेनानं मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." पुन्हा मोजलं. "सहाच आहेत, आजी."

मोठीआईनं मान वळवली. ठिपकी कुठंच नव्हती! आणि त्याच वेळी पार्टिशनच्या फटीतून पाण्याचा एक बारीक ओघळ, पाहुण्यासारखा चपला न काढता हॉलमध्ये आला. मागून ठिपकीचा आनंदी आवाज, "आज्जी! मी नदी केली!"

ती फटीतून मागं गेली होती, बेसिनच्या भोकात बोळा कोंबला होता आणि नळ पूर्ण सोडला होता.

मोठीआई उठली. खुर्चीही उठली! मोठीआई दाराकडं वळली, तर खुर्चीसकट ती त्या अर्ध्या ठिपकीच्या दारातून जाईना. उजवीकडून नाही, डावीकडून नाही. मग मोठीआईनं दोन्ही हातांनी कठडा धरला, वर उचलला आणि निघाली! भोवती कठडा, मागं खुर्ची, मधे मोठीआई. घर पाठीवर घेतलेलं कासव चिडून पळालं तर कसं दिसेल, तसं!

मुलांना वाटलं, खेळ सुरू झाला. सहाच्या सहा जणांनी कठड्याचे गज धरले आणि "चला, चला!" करत बरोबर निघाली. वरात पार्टिशनपाशी पोचली. फटीतून कठडा जाणार कसा? तोवर मुलांचा आरडाओरडा ऐकून ठिपकीच फटीतून बाहेर आली. केसांपासून टाचांपर्यंत भिजलेली! "मीपण! मीपण!" म्हणत तिनंही एक गज पकडला. सुतार नळ बंद करायला धावला, फटीत तो मावेना, म्हणून त्यानं अख्खं पार्टिशनच बाजूला सारलं. तेही पक्कं कुठं होतं!

तपासणीच्या बाईंनी शांतपणे पेन पुन्हा उचललं. "एक, दोन, तीन... सात. सातही मुलं मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर." मग त्यांनी फाइल तोंडापुढं धरली. फाइल बराच वेळ हलत होती.

फाइल खाली आली तेव्हा चेहरा पुन्हा कोरडा होता. "पण ही मांडणी मला पास करता येणार नाही. ही मुलं उद्या पाण्यात, परवा रस्त्यावर जातील. दुसरी काही योजना आहे? नसेल तर सहा महिन्यांनी भेटू."

मोठीआईनं कठडा खाली टेकवला. तिनं सूनबाईकडं पाहिलं. चार वर्षं त्या पोरीनं पै-पाहुणा, सणवार न बघता हे पाळणाघर उभं केलं होतं, आणि आपण दोन दिवसांत... पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"आहे. योजना आहे. माझ्या सुनेनं कागदावर काढलीय. चूक माझी. तिनं सांगितलं होतं, कागद द्या आणि गप्प बसा. दोन्ही जमलं नाही मला."

कठडा जिथून उचलला होता तिथं चौपदरी कागद पडला होता. पाणी तिथवर पोचायचं होतं. सूनबाईनं तो उचलून बाईंच्या हातात दिला. बाई वाचू लागल्या.

"पार्टिशन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मोरीच्या दाराला वर कडी. झोपायच्या गाद्या काचेपासून लांब. छान. मोजमापंही आहेत. आणि दाराजवळ हा गोल कसला?"

"केराची टोपली," मोठीआई पडल्या आवाजात म्हणाली.

"नाही," बाई कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या. "बारीक अक्षरात लिहिलंय. 'आईंची खुर्ची. मोठी, हातांची. इथून सगळी मुलं दिसतात, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या त्या दिसतील.'"

मोठीआईनं दाराकडं पाहिलं. तिच्या जागी, तिनंच मांडलेली केराची टोपली ऐटीत बसली होती.

"सोमवारी सकाळी येते," बाई म्हणाल्या. "या कागदाप्रमाणे झालेलं दिसलं तर त्याच दिवशी सुरू करा. आणि आजींना तेवढं सोडवा."

सुतारानं करवतीनं खुर्चीचा एक हात कापला तेव्हा कुठं मोठीआई मोकळी झाली. मग तो टेप उघडून समोर उभा राहिला. "नव्या खुर्चीचं माप घ्यायचंय, मोठीआई."

मोठीआई भिंतीकडं तोंड करून, मान खाली घालून, खांदे पाडून उभी होती. तिला त्या वेळी कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

सूनबाईनं पदरानं तिचे भुसा लागलेले हात पुसले आणि म्हणाली, "थांबा हो सुतारदादा, इतक्यात माप घेऊ नका. ठिपके, बिस्कीट आण बघू आज्जीला. आत्ता घेतलं, तर ही खुर्चीपण चार बोटं आखूड व्हायची!"