अठ्ठावीस नंबरचे बूट

चिझुरुच्या गॅलरीतल्या दांडीवर बारा कपडे वाळत होते. पाच तिच्या मुलीचे, चार तिचे आणि तीन पुरुषाचे: दोन भल्यामोठ्या चड्ड्या आणि एक गंजी. दाराबाहेर अठ्ठावीस नंबरचे, म्हणजे पैलवानाच्या मापाचे, काळे बूट होते. घरात माणसं दोनच, चिझुरु आणि नऊ वर्षांची मिओ. पुरुष नव्हता. जो होता तो चार वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन ओसाकाला गेला होता, आणि त्या चड्डीत तो दोनदा मावला असता.

घोळाला सुरुवात झाली नोकरीमुळे. एकट्या आईला सरकारकडून महिन्याला पंचेचाळीस हजार येन भत्ता मिळे. त्यात भागत नव्हतं. मिओचा दमा आटोक्यात आल्यापासून भत्ता विभागाचे तोदासाहेब दर खेपेला विचारत, कामाला कधी लागताय, काम केलेलं केव्हाही परवडतं. चिझुरुने मासळीच्या वड्या करणाऱ्या कारखान्यात संध्याकाळी पाच ते आठची पाळी धरली. महिन्याला साठ हजार, भत्ता शिवाय.

पण मग ते तीन तास मिओ घरात एकटी. शेजारच्या साकागुची आजींनी उपाय सांगितला. त्या गल्लीतल्या एकट्या बायका सगळ्या तेच करत: बाहेर पुरुषाचे कपडे वाळत घालायचे, म्हणजे चोर नि चावट माणसं लांब राहतात. चिझुरुने नव्याकोऱ्या चड्ड्या आणल्या. आजींनी त्या उजेडात धरून पाहिल्या.

"या कुणी घातलेल्या वाटत नाहीत. आधी दहा वेळा धू. आणि रोज त्याच लावू नकोस. तुझा माणूस काय इतका गबाळा आहे?"

"आजी, माणूसच नाहीये."

"ते तुला माहीत. चोराला कशाला सांगायचं?"

तीन महिने सुरळीत गेले. मग कुणीतरी नगरपालिकेत फोन करून कळवलं की चिझुरुकडे पुरुष राहतो. घरात नवऱ्यासारखा पुरुष आला की भत्ता बंद, हा नियम. तोदासाहेब तपासणीला आले ते संध्याकाळी साडेपाचला. मिओने शिकवल्याप्रमाणे दार उघडलं नाही. आजी बाहेर आल्या, तर एक अनोळखी इसम मान वर करून गॅलरीतल्या चड्ड्या मोजतोय. कुणी चौकशी केली तर घरात पुरुष आहे असं सांगेन, हा चिझुरुला दिलेला शब्द त्यांनी पाळला.

"मालक झोपलेत आत. रात्रपाळी असते. ज्युदो शिकवायचे पूर्वी. उठवू का?"

उठवायची गरज नाही, असं तोदासाहेब घाईघाईने म्हणाले. आपण चोर कसा पळवून लावला हे आजींनी रात्री चिझुरुला रंगवून सांगितलं.

भत्ता रोखल्याचं पत्र आलं तसं चिझुरुने कार्यालय गाठलं. तोदासाहेबांनी बूट कुणाचे असं विचारलं. कुणाचेच नाहीत, मी विकत घेतले, असं म्हणून तिने दुकानाची पावती टेबलावर आपटली.

"अठ्ठावीस नंबरचे?"

"सत्तावीसमध्ये काळे नव्हते."

"आणि ते ज्युदोचे शिक्षक?"

"तुम्हाला चोर समजल्या आजी."

तोदासाहेब दुखावले. पुरुष राहत नाही हे दिसायला हवं, म्हणाले. आम्ही केव्हाही येऊ, विशेषतः पाच ते आठ, घरी थांबा. पाच ते आठ मी कामावर असते, तुम्हीच लावलंत ना कामाला, असं चिझुरुने विचारलं. त्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

ती घरी थांबली. कारखान्याच्या मुकादमाने चार दिवस समजून घेतलं आणि पाचव्या दिवशी तिची पाळी दुसरीला दिली. त्या पाच दिवसांत नगरपालिकेतून कुणीही आलं नाही. सहाव्या दिवशी चिझुरुने दांडीवरून चड्ड्या आणि गंजी अक्षरशः ओरबाडल्या आणि बुटांसकट कचऱ्यात टाकल्या. आता घरी तीच होती, राखणदार कशाला?

दुसऱ्या दिवशी तोदासाहेब आले. रिकामी दांडी पाहिली, दारातली रिकामी जागा पाहिली. त्यांचा चेहरा उजळला. आवाज हळू करून त्यांनी विचारलं, "कधी गेले?"

"कोण?"

"असू दे. बोलायला जड जात असेल."

नव्या पत्रात लिहिलं होतं की संबंधित पुरुष घर सोडून गेला असल्याने भत्ता पूर्ववत सुरू होईल. मात्र तो राहत होता ते तीन महिने, म्हणजे बुटांच्या पावतीवरच्या तारखेपासून पुढचे, भत्ता परत करावा. भत्त्याबरोबर मिळालेली मिओच्या औषधांवरची सवलतही.

चिझुरु कार्यालयात तोदासाहेबांच्या खिडकीशी गेली. आवाज चढवला नाही. तो चढला असता तर तोदासाहेबांना बरं वाटलं असतं. तिने त्यांचंच गणकयंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

"काम केलेलं परवडतं म्हणालात. दाखवा."

तोदासाहेब माणूस प्रामाणिक. ती सांगत गेली तसे ते आकडे दाबत गेले. तीन महिन्यांचा पगार एक लाख ऐंशी हजार. परत करायचा भत्ता एक लाख पस्तीस हजार. बसभाडं चोवीस हजार. औषधं चौदा हजार चारशे. चड्ड्या, गंजी आणि बूट मिळून तीन हजार नऊशे.

"उरले दोन हजार सातशे," तोदासाहेब म्हणाले.

"तास एकशे ऐंशी. भागा."

त्यांनी भागलं, आणि पुन्हा एकदा भागून पाहिलं.

ताशी पंधरा येन.