ढमढेरेकाकांची दांडी

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत ऑस्ट्रेलियन फुटबॉलवरून भांडणं होतात, हे मी बाहेर सांगत नाही. लोकांचा विश्वास बसत नाही, आणि बसलाच तर ते बघायला येतील याची भीती वाटते. दर शनिवारी सकाळी साडेनऊला तिसऱ्या मजल्यावर ढमढेरेकाकांच्या टीव्हीवर मेलबर्नच्या कुठल्याशा उपनगरातल्या क्लबाचा सामना सुरू होतो. काका पायजमा-बंडीत, हातात स्टीलची फूटपट्टी घेऊन टीव्हीजवळ उभे असतात. कुणी "वा!" म्हटलं की ते वळून विचारतात, "निकष काय?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. शेजाऱ्याने उपमा चांगला झालाय म्हटलं तरी निकष विचारणारा माणूस. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, म्हणजे खात्यातून झाले, तपासणीतून नाही. मंडईत त्यांना पाहिलं की भाजीवाले न सांगता तराजूचं पारडं रिकामं करून दाखवतात. मिठाईच्या दुकानात त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "खोका वेगळा मोजा. मी खोका खात नाही." एकदा दवाखान्यात ते वजनाच्या काट्यावर उभे राहायला तयार होईनात, कारण काट्यावर खात्याचा शिक्का नव्हता. शेवटी डॉक्टरांनी त्यांचं वजन अंदाजे लिहिलं.

त्यांच्या लेखी जगात एकच पाप, दांडी मारणं. तुम्ही-आम्ही शाळेला किंवा कामाला दांडी मारतो. त्यांच्या खात्यात दांडी मारतात ती तराजूची. बोलता बोलता दांडीला बोट लावायचं, पारडं झुकवायचं आणि चेहरा साळसूद ठेवायचा. "चोर परवडला," काका म्हणत, "तो निदान तोंड लपवतो."

फुटबॉलशी त्यांचा संबंध नातवामुळे. मुलगा-सून मेलबर्नला, नातू ईशान तिथल्या क्लबाच्या ज्युनिअर संघात, पुढे राहून गोल मारणारा. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, हातपाय दोन्ही चालतात आणि गोलाला खांब चार. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा मधल्या खांबाला लागला, म्हणजे थोडक्यात हुकला, तर एक. या एका गुणाने काकांचं डोकं फिरलं.

"हुकल्याबद्दल गुण? आमच्याकडे हुकल्याबद्दल मेमो होता."

तो एक गुण ते मोजतच नसत. त्यामुळे मेलबर्नला जिंकलेला संघ नारायण पेठेत कितीदा तरी हरला. एकदा पोरं तिकडे विजयाची गाणी म्हणत होती आणि आजोबांनी फोन करून ईशानचं सांत्वन केलं.

यंदा गोष्ट गंभीर झाली. प्रशिक्षकाने ईशानला विचारलं, सीनियर संघात घेतो, पण तू तयार आहेस का ते तू सांग. पोरगा म्हणाला, आजोबांना विचारतो. त्याचंही बरोबर होतं. आई म्हणते ग्रेट, बाबा म्हणतात ग्रेट, तिकडे कुणीही काहीही केलं तरी ग्रेटच. तू वाईट खेळलास असं त्याला आजवर फक्त आजोबांनी सांगितलं होतं.

झालं. दर शनिवारी वाद सुरू झाला. ईशानची बाजू मांडायला तळमजल्यावरचे घड्याळवाले शेखसाहेब. दुकानावर 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी लावून ते वर येत आणि दोन तास बसत. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने अशी पाटी लावावी का, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. "पाच कुठले ते लिहिलेलं नाही," एवढंच उत्तर मिळालं.

"अहो ढमढेरे, पोरगं हवेत थांबतं!" शेखसाहेब म्हणत. "अजून काय पाहिजे? वरच चहा घेऊन मग खाली यावं का त्याने?"

"थांबतो, मान्य. पण डावा पाय कच्चा."

पुढच्या शनिवारी ईशानने डाव्या पायाने गोल मारला. काका म्हणाले, "तो वाऱ्याने गेला." त्याच्या पुढच्या शनिवारी वारा नव्हता, तर समोरचा संघ दुबळा निघाला. संघही तगडा निघाला तेव्हा पोराचे केस डोळ्यांवर येत होते.

शेखसाहेब त्या दिवशी हसले नाहीत. "साहेब, दर आठवड्याला तुमचा निकष बदलतोय. असं चालणारं घड्याळ मी दुरुस्तीला ठेवून घेतलं असतं."

काकांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली आणि आज चहा नाही म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी दोन वाजता माझ्या डोक्यावर ठोकठोक सुरू झाली. एक ते चार आवाज करू नये, अशी सूचना जिन्यात लावणारे काका स्वतः, आणि ठोकठोक त्यांच्याच घरात. मी भांडायच्या तयारीने वर गेलो. आत सुतार दिवाणाच्या पायथ्याला फळी जोडत होता आणि काका टेप धरून उभे होते.

"गेल्या वर्षी त्याचे पाय बाहेर येत होते," काका म्हणाले. "जुलैत येतोय ना. आणखी वाढला असेल."

ईशान दर जुलैत तीन आठवडे येतो. काकू गेल्यापासून त्या घरात दोन ताटं मांडली जातात ती तेवढेच दिवस. एरवी काका कुकर लावतात आणि फोडणीचा वास जिन्यात येत नाही.

"आणि सीनियरमध्ये घेतलं तर?" मी विचारलं.

सुतार थांबला. काका टेपचा आकडा वाचत राहिले. "तर नाही. ज्युनिअरला सुटी मिळते. सीनियरला हंगामभर हजेरी."

मला फार वाईट वाटलं. मी दिवाण छान झालाय म्हणालो. निकष काय, असं त्यांनी विचारलं नाही.

शनिवारी आम्ही तिघं पुन्हा टीव्हीसमोर. शेवटच्या मिनिटाला ईशान हवेत चढला, उतरला आणि त्याने डाव्या पायाने चेंडू मारला. चेंडू खांबाला लागला. शेखसाहेबांनी कपाळावर हात मारला.

"एक," काका म्हणाले.

"काय?"

"एक गुण झाला. मोजा."

तासाभराने व्हिडिओ कॉल आला. गालाला चिखल तसाच. "आजोबा, कोच वेट करतोय. मी रेडी आहे का? खरं सांगा हं."

"डावा पाय..." काकांनी सुरुवात केली आणि थांबले. शेखसाहेब खिडकीबाहेर बघत होते. काकांनी बंडीच्या टोकाने चष्मा पुसला.

"डावा पाय चांगला आहे. महिनाभर चांगलाच आहे. तुझं वजन पुरेपूर होतं रे. दांडी मी मारत होतो."

"दांडी?" पोराने डोळे बारीक केले. "म्हणजे शाळा बुडवणं ना? तुम्ही काय बुडवलंत?"

"मी नाही, आता तू मारायची. जुलैत, इकडच्या फेरीला. क्लबात हजर राहा."

पोराने तळहाताने गालावरचा चिखल पुसला. मग, "पण आजोबा, तुम्ही..."

"मी इथेच आहे. केस काप, डोळ्यांवर येतात." काकांनी फोन ठेवला. शेखसाहेब उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनीच चहा टाकला.

जुलैतल्या पहिल्या शनिवारी ईशान सीनियर संघाकडून उतरला. काका त्या दिवशी उभे राहिले नाहीत. आम्ही तिघंही दिवाणावर बसलो, आणि तरी पायथ्याशी बरीच जागा उरली.