आजच्या मापाची सायकल

माप चुकेल? आणि तेही तिच्या हातून? छे! अकरा वर्षांत चुकलं नव्हतं!

भिंगरीच्या आईचा शिवणकामाचा धंदा. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनभोवती कापडांचे डोंगर आणि त्या डोंगरांमधून फिरणारी ती, गळ्यात टेप अडकवून. ही टेप तिच्या गळ्यात इतकी मुरलेली की एकदा ती तशीच दातांच्या डॉक्टरांकडे गेली, तर डॉक्टरांनी दाढ बघायच्या आधी स्वतःच्या पँटची उंची कमी करायला किती दिवस लागतील ते विचारून घेतलं!

तर, लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला पहिली पेडलची सायकल घ्यायची असं घरात ठरलं, आणि तिने मशीनवरूनच जाहीर केलं, "सायकल मी निवडणार. मधे कुणी बोलायचं नाही. हा मापाचा मामला आहे!"

"अगं, पण सायकल म्हणजे काही फ्रॉक नव्हे," नवरा म्हणाला.

"पाय आले की माप आलं!"

नवरा सुतार. मापाचं त्यालाही कळत होतं, पण बायकोच्या गळ्यातली टेप त्याच्या खिशातल्या टेपेपेक्षा थोरली होती.

खरी गोष्ट वेगळीच होती. मागणी भिंगरीची होती, आणि ती मागणी साधी नव्हती.

या घरात भिंगरीला आजवर जे जे मिळालं ते वाढत्या अंगाचं. बुटांच्या टोकाला कापूस. स्वेटरच्या बाह्यांना चार चार घड्या. शाळेचा फ्रॉक असा की दुसरीत गेल्यावर अगदी बेतशीर बसेल, आणि ती होती बालवाडीत! रेनकोटाचं तर विचारूच नका. तो घातला की रस्त्यावरून एकटा रेनकोटच चालत जातोय असं वाटे. एकदा बाई हजेरी घेताना त्या रेनकोटाला म्हणाल्या, "कोण गं तू? बाहेर ये बघू!"

म्हणून सायकलीचं नाव निघताच भिंगरीने आईच्या गळ्यातली टेप दोन्ही बाजूंनी धरून तिचं तोंड आपल्याजवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "आई, सायकल आजची आण हं. मी मोठी झाल्यावरची नको."

"आजचीच आणणार गं माझी राणी!"

"शप्पथ?"

"शप्पथ!"

आणि मग काय! आई कामालाच लागली. बटणं लावता लावता, लेकीची वेणी घालता घालता, भाताला वाफ येईतो, मिळेल त्या चोरट्या वेळात तिने सायकलींचा अभ्यास केला. सायकल हलकी हवी. मुलाच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी. साखळी पूर्ण झाकलेली हवी. बाजूची छोटी चाकं नकोत, तोल आपला आपण सापडला पाहिजे. ब्रेकचं लिव्हर इवल्या बोटांना पोचलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. पावलं टेकली की भीती गेली!

ती चार वेळा सायकलच्या दुकानात जाऊन आली. एकेक सायकल एका हाताने उचलून बघितली. तिसऱ्या खेपेला तिने पिशवीतून खाकी कागदाचा कापलेला एक पंजा काढला आणि तो ब्रेकवर लावून बघू लागली. सायकलवाले काका दचकले.

"बाई, हा कुणाचा हात?"

"गिऱ्हाइकाचा!"

हिरव्या रंगाची एक सायकल सगळ्या परीक्षांत उतरली. वजनाला पिसासारखी, वागायला मऊ. ती लहान-मोठ्या सगळ्या मापांत मिळत होती. आता फक्त माप सांगायचं बाकी. आईने भिंगरीला भिंतीला टेकून उभं केलं, पायांमध्ये पुस्तक धरलं आणि जांघेपासून टाचेपर्यंत टेप लावली. साडेसोळा इंच! दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा भिंगरीला गुदगुल्या झाल्या.

शनिवारी ती स्वतः सायकल आणायला निघणार, चपलेत एक पाय गेलाही होता, तेवढ्यात दारात मोठ्या बाई! भिंगरीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. हातात गणवेशांचा गठ्ठा.

"अहो, या बावीस फ्रॉकांना खिसेच नाहीत! सोमवारी पाहुणे येणार आहेत शाळेत. मुलींनी रुमाल ठेवायचे कुठे?"

झालं! चप्पल निघाली, मशीन सुरू झालं. आईने घाईघाईत एका चिठ्ठीवर माप लिहिलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "हिरवी सायकल, हे माप, आणि बाकी कुणाचं काही ऐकायचं नाही!"

नवरा निघाला. सोबत सासूबाईही निघाल्या. "नातीची सायकल आहे, मी नको का बघायला?"

संध्याकाळी टेम्पोतून सायकल आली ती पुठ्ठ्यात गुंडाळलेली. बरीच मोठी दिसत होती.

"पुठ्ठा जाड आहे," नवरा म्हणाला.

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मान हलवली.

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळे पुढच्या खोलीत जमले. भिंगरी आनंदाने स्वतःभोवतीच गरागरा फिरत होती. तिचं नाव काही उगाच पडलं नव्हतं! चार वाजता मैदानावर मैत्रिणींना सायकल दाखवायचं तिने आठवडाभर आधी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. आईने कात्री घेतली, दोरी कापली, पुठ्ठा सर्रकन खाली आला...



सायकल सुंदर होती. हिरवीगार! चकचकीत! आणि एखाद्या वासरासाठी दावं आणावं नि त्याला घोडा बांधलेला असावा, तशी ती समोर उभी होती. सीट भिंगरीच्या हनुवटीला लागत होतं. भिंगरी जराशी वाकली आणि सायकलच्या खालून पलीकडे गेली. मग परत अलीकडे आली.

"ही कुणाची?"

"तुझीच की गं!" आजी म्हणाल्या.

"माझी कधीची?"

भिंगरीने सायकलकडे एकदा नीट बघितलं. ती रडली नाही. शहाण्यासारखी आतल्या खोलीत गेली आणि कापसाची गुंडाळी घेऊन आली.

"आई, कापूस कुठे घालायचा?"

आईच्या काळजाचा टाकाच उसवला!

"कुणी केलं हे?" ती वळली. गळ्यातली टेप फौजदाराच्या पट्ट्यासारखी दिसू लागली. "साडेसोळा इंचाची सायकल मागवली होती मी! ही चोविसाची आहे! अहो, बोला!"

नवऱ्याने कान खाजवला. "मी फक्त दोन इंच धरले जास्ती. लाकूड कापताना रंध्याला जागा ठेवावीच लागते. तोकडं कापलं तर पुढे जोडता येतं का?"

"पोरीला रंधा मारणार होतात?"

"अगं, सवय!"

या सवयीची साक्ष घरातच उभी होती. त्याने केलेलं कपाट दाराहून मोठं झालं म्हणून खोलीतच जोडावं लागलं होतं, आणि आता ते भिंत पाडल्याशिवाय बाहेर निघणार नव्हतं.

"दोनच ना? मग बाकीचे?"

आजी खिडकीबाहेर बघायला लागल्या. आजींनी तीस वर्षं वसतिगृहाची खानावळ सांभाळलेली. चाळीस माणसं जेवायची असली की त्या पंचेचाळिसांचा स्वयंपाक करायच्या.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"मी आपलं हळूच सांगितलं दुकानदाराला, अजून दोन इंच टाका म्हणून. टाकलं तर काय बिघडतं? पोर अंगाने वाढते आहे. उद्या पुरलं नाही म्हणजे?"

"आणि दुकानदार म्हणाला, मधली मापं नसतात, वरचं देतो," नवऱ्याने सांगून टाकलं.

आई हिशेबाला बसली. साडेसोळात नवऱ्याचे दोन, साडेअठरा. आजींचे दोन, साडेवीस. तिथून वरचं माप बावीस. मग चोवीस कसं?

"तुम्ही अजून काहीतरी लपवताय!"

"देवाशपथ नाही! ही बघ तुझी चिठ्ठी."

आईने चिठ्ठी घेतली. अक्षर तिचं. घाईचं, पण स्पष्ट. चिठ्ठीवर लिहिलं होतं: साडेअठरा.

शिवणीच्या आत दुमडून ठेवायचं जे जादा कापड असतं त्याला माया म्हणतात. लहान मुलाचं माप लिहिताना दोन इंच माया धरूनच आकडा लिहायचा, ही तिच्या हाताला अकरा वर्षांची सवय. डोक्याने साडेसोळा म्हटलं होतं. हाताने आपलं काम चोख केलं होतं!

फौजदारच आरोपी निघाला! नवऱ्याला हसू आवरेना, पण संसाराचा अनुभव दांडगा, त्याने ते खोकल्यात घालवलं.

"बिल कुठे आहे?" आई एकदम ताडकन उठली. बिलावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: चाकाला रस्त्याची धूळ लागली नसेल तरच बदलून मिळेल. रविवारी दुकान बारापर्यंत. सोमवारपासून आठ दिवस बंद.

साडेअकरा वाजले होते!

"उचला!"

"काय?"

"सायकल! जमिनीला लागता कामा नये! आई, तुम्ही पुढे व्हा, दुकान बंद करू देऊ नका!"

आजी पदर खोचून अशा सुटल्या की त्यांचे गुडघे दुखतात हे गल्लीला पहिल्यांदाच खोटं वाटलं. मागून पुढचं चाक नवऱ्याच्या खांद्यावर, मागचं चाक आईच्या हातात, आणि त्यांच्या बाजूने भिंगरी, सायकलबरोबर आलेली सुटी घंटी धावता धावता वाजवत. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

"बिघडली का हो सायकल?" इस्त्रीवाला ओरडला.

"नाही, नवी आहे!"

"मग चालवा की!"

"चालवायची नाही!"

कोपऱ्यावर निवृत्त मास्तर फिरायला निघाले होते. त्यांनी चष्मा वर केला. "पोर पायी आणि सायकल कडेवर? काय दिवस आलेत!"

चढावर घात झाला. आईच्या गळ्यातली टेप पेडलमध्ये अडकली. टेप ओढली गेली, मान खाली आली, मानेबरोबर हात खाली आले आणि चाक रस्त्याकडे निघालं! वीतभर अंतरावर आईने पाय पुढे सरकवला. चाक धपकन तिच्या चपलेवर. चप्पल रस्त्यावर, चाक चपलेवर. पण रस्त्याची नि चाकाची गाठ पडलीच नाही!

"आई, पाय?" भिंगरी किंचाळली.

"पायाचं मग बघू! घंटी वाजव!"

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली, दुकानदाराच्याच स्टुलावर, आजी ठाण मांडून बसल्या होत्या. सायकलवाले काका हात जोडून उभे होते.

"अहो मावशी, मला आज गावाला जायचंय!"

"जा की. मी काही तुम्हाला धरलंय?"

काकांनी चाकावरून बोट फिरवलं. "धूळ नाही. पण हा चपलेचा डाग आहे."

"अट रस्त्याच्या धुळीची आहे!" आई लंगडत म्हणाली. "चपलेचं कुठे लिहिलंय दाखवा!"

काकांनी एकवार तिच्याकडे, एकवार आजींकडे बघितलं आणि निमूटपणे लहान हिरवी सायकल बाहेर काढली. सीट खाली केलं. भिंगरी बसली. बोटं ब्रेकवर पोचली. पावलं खाली आली. टाचांसकट, दोन्ही!

चार मोठी माणसं तिच्याकडे बघत राहिली. नवऱ्याने घसा खाकरला. आजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. आणि एवढ्यात आवाज आला, "याच्यापेक्षा एकच नंबर मोठी..."

बोलणारी आई होती!

भिंगरीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"आजची द्या," आई म्हणाली. "हीच."

"काळजी करू नका," काका सीटखालची दांडी वर ओढून दाखवत म्हणाले. "ही चार इंच वर येते. पोर वाढली की वर घ्यायची."

"म्हणजे आत माया ठेवली आहे!" आईचा चेहरा उजळला. "आधी नाही का सांगायचं? केवढा गोंधळ टळला असता!"

चार वाजता मैदान भरलं होतं. आधी भिंगरीने पावलांनी ढकलत सायकल चालवली. मग एक पाऊल पेडलवर. मग दुसरं. आई शेजारून लंगडत पळत होती, हात सीटच्या मागे, टेकवलेला नाही, नुसता धरायच्या बेतात. दोन बोटांचं अंतर ठेवून. पुढच्या वळणावर ते अंतर चार बोटं झालं, मग हातभर, आणि मग भिंगरी झाडापलीकडे पोचलीसुद्धा!

"आई! मीच चालवतेय! बघितलंस? मीच!"

आई बघतच होती. एका पायावर उभी राहून.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मोठ्या बाई खिसे लावलेले बावीस फ्रॉक घेऊन गेल्या, तेव्हा खिशांच्या कापडातला हिरव्या नायलॉनचा एक तुकडा उरला. आईने त्याचं सीटसाठी छानसं कव्हर शिवलं आणि भिंगरीने मोठ्या उत्साहाने चढवलं. कव्हर सीटला बसलं, आणि मग दोन्ही बाजूंनी दोन दोन इंच खाली लोंबत राहिलं.

भिंगरीने ते उचलून बघितलं, सोडलं, पुन्हा उचललं.

"आई, सीटपण वाढणार आहे?"

आईने मशीनवरून मान वर केली नाही.

"धुतल्यावर कापड आटतं गं," ती म्हणाली.

नायलॉन आटत नाही, हे त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं.